टिटवीची अंडी

चिखलीत आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी वाळलं गवत पेटवलं, आणि त्या वासासरशी मी मनाने अभयारण्यातल्या आमच्या वाडीवर जाऊन पोचले.

पठारावरचं गवत जाळण्याआधी टिटवीची अंडी हुडकायची आणि तेवढी जागा सोडायची, ही वाडीची रीत. लहानपणी एकदा ते काम माझ्याकडे आलं. मी करवंदं खात बसले आणि वडिलांना, आबांना, सांगितलं, "बघितलं. काय न्हाई."

आग पसरली तशी टिटवी ओरडत पुन्हा पुन्हा धुरात शिरू लागली. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पाखरू खोटं बोलत न्हाई," एवढंच म्हणाले.

आता आबा आमच्याच गॅलरीत बसलेले असतात. धूर वर येताच त्यांनी विचारलं, "खाली बघितलं का गं?"

गवत निम्मं जळून गेलं होतं. तरी मी चपला घालून जिना उतरले.