निळोबाचा जानवसा

रुपराव बारापात्रे यांचं वाक्य ऐकण्याआधी त्यांच्या घशाची तयारी ऐकावी लागते. “ह्हं... ह्हं...” मग चष्मा कपाळावर चढतो, उजवा पंजा पोटावर विसावतो, आणि मग ते बाहेर येतं: “असं आहे पाहा, मानाचा माणूस आधी!” विषय कोणताही चालतो. नळाचं पाणी, गल्लीतली सत्यनारायणाची पूजा, कोणाच्या दारासमोर कोणी गाडी लावायची. गाडी फिरून फिरून मानावरच येऊन थांबते.

प्रताप नगरात आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर हे राहतात. मूळ उमरेडचे. वडील हातमागावर बसायचे. हे स्वतः जन्मभर सरकारी खुर्चीत बसले, पण “आमच्या घरी माग होते” असं इतक्या थकव्यानं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस आत्ताच धोटा ठेवून उठला. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं आहे. समाजात कुठेही लग्न असलं की मांडवात उभं राहून शेला आधी कोणाच्या खांद्यावर पडणार, हे ठरवायचं. मामा आधी की फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, आधी? मोठा साळा रुसला तर त्याला उठवायला कोणी जायचं? ह्याची उत्तरं रुपरावकाकांकडे असतात. बोलावलं तर ते जातात. नाही बोलावलं तर लवकर जातात.

आणि सगळ्या मानकऱ्यांच्या वर जावई. “जवाईबापू” हा शब्द काका असा उच्चारतात, जणू तोंडात गरम पुरणाचा गोळा आहे. सौरव हा त्यांचा एकुलता एक जावई. रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या ऑफिसात बसतो आणि अर्धं बोलणं फोनशी करतो. “हो बाबूजी... एक मिनिट, हं, बोल... नाही बाबूजी तुमच्याशीच बोलून राहिलो.”

लेक सोनिका लग्न होऊन गेली आणि घर सुनं झालं. काकांना नाही झालं, त्यांना स्वतःचा आवाज पुरतो. देवकीकाकूंना झालं. त्यांनी मासे पाळायचे म्हटलं. काका म्हणाले, साधे मासे तर कोणाच्याही घरी असतात, आपल्याकडे खाऱ्या पाण्याचे पाहिजेत. भारताच्या नकाशात बरोबर पोटात, कुठल्याही समुद्रापासून शेकडो मैल लांब नागपूर, तिथे दुसऱ्या मजल्यावर, शोकेसच्या बाजूला, दोन फुटांचा समुद्र आला. बादलीत मीठ विरघळवणं, खारेपणा मोजणं, काच पुसणं हे काकूंकडे. “हा समुद्र आहे” असं पाहुण्यांना सांगणं काकांकडे. मे महिन्यात कूलरचं तोंड समुद्राकडे आणि माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली.

काकूंनी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन मासोळ्या आणल्या. मोठी केशर, लहान बुंदी. काकू भाजी निवडत काचेजवळ बसायच्या आणि दोघींना घरातलं सगळं सांगायच्या. दोघी तोंड उघडमीट करत ऐकायच्या. त्या घरात बायकांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणारं तेवढंच कोणी होतं.

मग सौरवनं एक मासा आणला. गडद निळा, बोटाएवढा. प्लास्टिकच्या थैलीत गोल गोल फिरत होता. काका उभेच राहिले. “जवाईबापूनं आपल्या हातानं आणला!” त्याचं नाव निळोबा ठेवलं आणि पाण्यात सोडताना काकांनी हात जोडले. हात जोडलेले मी पाहिले आहेत, तेव्हा वाढवून सांगते असं कोणी म्हणू नये.

निळोबानं आधी मधल्या दगडाची कमान घेतली. मग कमानीपुढचं अंगण घेतलं. पुढच्या आठवड्यात समुद्र त्याच्या नावावर होता. केशर जरा जवळून गेली की हा बाणासारखा सुटायचा, शेपटीचा लचका घ्यायचा आणि कमानीत परत येऊन असा उभा राहायचा, जणू काही झालंच नाही. काका खूश. “खानदानी आहे! चाल पाहा, चाल!” दाणे टाकायची वेळ झाली की काका स्वतः उठायचे. पहिली चिमूट बरोबर कमानीसमोर. “असं आहे पाहा, मानाचा माणूस आधी.” निळोबा जेवायचा, जेवून ताकद आली की बाकीच्यांना मारायचा, मारून भूक लागली की परत मानाची चिमूट हजर.

एका सकाळी केशर तळाशी आडवी पडलेली दिसली. पंख म्हणजे नुसत्या दशा.

“उन्हाळा आहे,” काकांनी निकाल दिला.

“उन्हाळा शेपटी खाते का?” काकू म्हणाल्या.

आता उरली बुंदी. ती पाणी तापवायच्या नळीमागे अंग चोरून उभी राहायची. नळी तर उन्हाळाभर बंदच. दाण्याला बाहेर यायची नाही. शेपटीची एक कड गेली होती. काकू सक्करदऱ्याच्या मासेवाल्याला विचारून आल्या. त्यानं सरळ सांगितलं: मारकुट्याला काही दिवस वेगळा ठेवा, दगडांची जागा बदला, आणि त्याला सगळ्यात शेवटी सोडा. आपली जागाच सापडली नाही तर भांडणार कशासाठी?

काका हे ऐकून लाल झाले. “जवाईबापूच्या मासोळीले घराबाहेर काढू म्हणते? अन् या रविवारी धोंड्याचं जेवण आहे! जवाई येईन, पाहीन, का म्हणीन?”

अधिक महिना सुरू होता. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. काकांनी महिनाभर आधीपासून घसा साफ करून ठेवला होता.

“म्हणजे बुंदी मेली तं चालते?” काकूंनी विचारलं.

“देवकी, तू समजून नाही राहिली वं. मासोळी दुसरी आणता येते. मान गेला तं कोणत्या दुकानात भेटते?”

तरी काकांनी आपल्या पद्धतीनं उपाय केलाच. काचेसमोर खुर्ची टाकून निळोबाची समजूत घातली. “हे पाहा निळोबा. ह्हं. ती लहान आहे. तुम्ही मोठे आहात. मोठ्यानं सोसून घ्यावं लागते गा.” निळोबानं तेवढ्यात बुंदीचा आणखी एक तुकडा काढला. मी काचेला बाहेरून आरसा लावून पाहा म्हटलं, स्वतःलाच शत्रू समजून थकेल. काका भडकले, “जवाईच्या मासोळीले आरसा दाखवते? शरम नाही वाटत?”

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून आले तर निळोबा भाजी धुवायच्या छिद्रांच्या टोपलीत. टोपली पाण्याच्या वरच्या कडेला दोरीनं बांधलेली, आत पाणी खेळतं आहे, आणि हा आतून धडका देतो आहे. खाली काकूंचे हात कोपरापर्यंत समुद्रात. कमान मोडली होती. मधला दगड डावीकडे, डावीकडचा आडवा, सगळा मोहल्ला नवा.

“देवकी! हे काहून केलं?”

काकूंनी हात बाहेर काढले नाहीत. “तुमीच तं जिंदगीभर लग्नं लावत फिरले. मले एक सांगा. नवरदेव मांडवात कवा येते?”

“म्हणजे?”

“आधी येते का मागून?”

“मागून येते. सगळे पाहुणे बसले की वाजतगाजत...” काका थांबले.

“अन् तोपर्यंत कुठं राहते?”

“जानवशात.”

“हा जानवसा आहे,” काकूंनी ओल्या बोटानं टोपली दाखवली. “सगळ्यांच्या आधी येऊन मांडवात ठाण मांडते त्याले नवरदेव नाही म्हणत. मंडपवाला म्हणतात. तुमी जवाईले मंडपवाला केलं.”

काकांचा घसा दोनदा वाजला. चष्मा वर गेला. पंजा पोटावर आला. आणि वाक्यच आलं नाही! मी जिन्यात, उघड्या दाराशी, कान टवकारून उभी होते. मानाच्या शास्त्रात खोट नव्हती. निळोबा जानवशात राहिला. काका रोज टोपलीत चिमूट टाकायचे आणि “पाहुणचार” म्हणायचे.

बुंदी पहिल्या दिवशी नळीमागेच होती. मग आडव्या दगडाच्या पोटाशी तिनं एक खळगा शोधला. शनिवारी ती दाण्यासाठी वर आली. काकूंनी मला खिडकीतून हाक मारली, “ये वं, पाय, जेवून राहिली!”

रविवारी सौरव आणि सोनिका आले. मी काकूंच्या हाताशी म्हणून वरच होते. काकांनी धोतर नेसलं होतं. पाय धुणं, ओवाळणं, अनारशांचं ताट, सगळं झालं. मग सौरवची नजर टोपलीवर गेली. काका घाईघाईनं पुढे झाले, “त्याचं असं आहे जवाईबापू, अपमान नाही समजायचा, तो जानवशात...”

“हा जिंदा आहे अजून?” सौरव नजर पुन्हा फोनमध्ये घालत म्हणाला. “दुकानवाला म्हणे, घेऊन जा भाऊ, सगळ्यांना मारून राहिला. फुकट देऊन टाकला त्यानं. मी म्हटलं, बाबूजींकडे देऊ.”

सोनिकानं पदर तोंडाला लावला. काकांचा चेहरा पाण्यात मीठ जास्त झाल्यासारखा.

तरी माणूस हार मानणारा नाही. “तरी सोडणार तर जवाईबापूच्याच हातानं!” सौरवनं एका हातात फोन धरून दुसऱ्यानं टोपली कलती केली. काका तोंडानं सनई वाजवू लागले. खरोखर वाजवली, मी अजून ती हुबेहूब काढून दाखवते, गालांसकट.

काकू मात्र काचेला नाक लावून उभ्या होत्या.

निळोबा सरळ कमानीकडे गेला. कमान नव्हती. तो उजवीकडे वळला, तिथे भलताच दगड. मग त्याला बुंदी दिसली आणि तो सुटला. काकूंची बोटं काचेवर पांढरी पडली. बुंदी खळग्यातून हलली नाही. तिनं आहे ती शेपटी पसरली, अंग थरथरवलं आणि उलट बोटभर पुढे आली. निळोबा वीतभर अंतरावर थबकला. दोनदा फिरला. पुन्हा आला, पुन्हा थबकला. मग कोपऱ्यात, कोणालाच नको असलेल्या दगडामागे, जाऊन उभा राहिला. उद्या तो पुन्हा प्रयत्न करील, असल्यांची खोड जात नसते. पण आज त्याच्याकडे अंगण नव्हतं.

काकूंनी चिमूट उचलली.

“ह्हं... ह्हं... देवकी, असं आहे पाहा...”

काकूंनी ती खळग्यासमोर टाकली. बुंदीनं खाल्ली. दुसरी चिमूट कोपऱ्यात.

मग पानं मांडली. पुरणपोळी, कढी, वडे. सौरव पाटावर बसला, त्याच्या पलीकडे सोनिका, काका शेजारी तुपाची वाटी घेऊन सरसावलेले. काकूंनी पहिली गरम पोळी उचलली आणि जावयाच्या ताटावरून हात पुढे नेऊन सोनिकाच्या ताटात वाढली.

काकांचा घसा वाजला. चष्मा चढला. पंजा पोटाकडे निघाला होता, पण हातात तुपाची वाटी होती, ती पोटावर कलंडली.

“आई, मले कढी दे ना,” सोनिका म्हणाली.