चिमण गुरुजींचा न फुटणारा आकडा

रानशेतचे चिमण गुरुजी जागेवर ठरणारा माणूस नव्हे. बोलताना उठायचे, उठले की दाराशी जायचे. वारली आदिवासींतून मास्तर झालेले आमच्या भागातले ते पहिलेच. आम्ही बाकीचे मास्तर त्यांच्याशी जरा वरूनच बोलायचो, आणि हे त्यांना चांगलं कळत होतं.

१९६१च्या दिवाळीनंतर डहाणू रोडला मास्तरांच्या सभेत त्यांनी फळ्यावर ३००३१ लिहिलं. म्हणाले, "हा आकडा कशानंच फुटत नाही."

युक्ती खळ्यावरची होती. त्यांच्या घरी भात मापताना पहिलं माप 'लाभ' म्हणून बाजूला काढत आणि मोजणी त्यानंतर एकपासून सुरू करत. म्हणजे मोजलेल्याच्या वर एक माप असायचंच. गुरुजींनी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार केला, तीस हजार तीस आले, त्यावर एक लाभाचा टाकला. यांतल्या कशानंही भागा, तो एक उरणारच. मग सतरा, एकोणीस, तेवीस आणि एकोणतीसही लावून दाखवले, त्यांनीही भाग जाईना. पाढे तिसापर्यंतच असतात, तेव्हा प्रश्न मिटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सभेच्या खोलीत भिंतीवर आकडा रंगवला गेला, खाली त्यांचं नाव. त्या दिवसापासून लोक त्यांना "या, बसा" म्हणू लागले.

आठवड्याभरातच गुरुजींच्या मनात आलं, तिसाच्या पुढं काय? झालं, अन्नावरची वासना उडाली. नांगरटीच्या बांधावर, शाळेच्या वाटेवर भागाकार चालू. एकतीस लागेना, सदतीस लागेना. प्रत्येक वेळी बरं वाटायचं आणि लगेच पुढच्याची भीती. बायको सुकी वैतागली. "आकडा काय पळून जातो का? जेव आधी!"

"पळून गेला तर बरं होईल," ते म्हणाले.

एकोणसाठ लागला. पाचशे नऊ वेळा, बाकी शून्य.

कुणाला सांगितलं नसतं तर चाललं असतं. भिंतीवरचं नाव तसंच राहिलं असतं. पण ते पुढच्या सभेला उभे राहिले. फळ्यावर स्वच्छ लिहिलं: ५९ × ५०९. "माझं चुकलं. भिंतीवरचं पुसा."

मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलंसुद्धा नाही. अध्यक्ष चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अहो गुरुजी, राहू द्या की. कोण भागून बघतंय?"

गुरुजींनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. दोन महिने तो आकडा आमच्या डोळ्यांसमोर होता. सगळे मास्तर, सगळ्यांच्या खिशात पेन्सिल. त्यांची नजर माझ्यावर आली तेव्हा मी मान खाली घातली. मीही भागून पाहिलं नव्हतं.