ताईच्या कोंबड्या

ताईला जेवताना पाहिलेला माणूस आमच्या सांडोरच्या घरात नव्हता. वाढायला मात्र ती पुढे. "घे रे, एवढ्याशा भाताने काय होतंय?" म्हणत समोरच्याच्या पोटाचा अंत पाहायची आणि शेवटी स्वतःचं ताट घेऊन मागच्या पडवीत जायची. "आत उकडतं," हे कारण. तिला पौषातही उकडायचं.

मी तेव्हा कोंबड्या पाळत होतो. बारावीत दोनदा आपटलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. कोंडा आणि सुकटीचा चुरा मिसळून मी एक खाद्य 'शोधलं' होतं. कोंबड्या अशा फुगल्या की शेजारचे नाना कुंपणापाशी येऊन कृती विचारू लागले. कृती मी दिली नाही, व्याख्यान दिलं. त्या मला सोडून ताईच्या मागे का धावतात, हा प्रश्न माझ्यातल्या शास्त्रज्ञाला पडला नाही.

त्याआधी मी आणखी एक पराक्रम केला होता. स्टेशनवरच्या वजनयंत्राचं तिकीट तिच्या पर्समध्ये सापडलं, त्यावरचं वजन मी मावश्यांच्या घोळक्यात मोठ्याने वाचलं. मागे भविष्य होतं, 'भरभराट होईल.' मी म्हटलं, "झालीच की!" सगळ्या हसल्या. ताईही हसली.

एका दुपारी कोंबड्यांचं निरीक्षण करायला पडवीत गेलो, तर ताई आपला भात मुठीमुठीने त्यांना घालत होती. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "ताई, माझ्या प्रयोगाची वाट लावलीस!"

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको हां. साडी आई आणते, स्थळ बाबा आणतात. शिकवायला जाते म्हटलं तर नको म्हणतात. ताट तेवढं माझ्या हातात आहे रे."

मी चार दिवस गप्प राहिलो. तिच्यासाठी नव्हे, नानांपुढे माझी अब्रू जाईल म्हणून. पाचव्या दिवशी ती विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. तेव्हा मी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं, तिकिटासकट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपचार लांबतील. पण घरात तिचे घास मोजू नका. तिला काय हवंय ते विचारा." ताईला बालवाडीत शिकवायचं होतं आणि वर्षभर एकही स्थळ नको होतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तिच्या सायकलमध्ये हवा भरली.

कोंबड्या वजनाने उतरू लागल्या. मधेच कुणी पाहुणा तिच्या अंगावरून बोलून गेला की आठवडाभर पुन्हा फुगायच्या, आणि माझी झोप उडायची. वर्षाने नानांनी विचारलं, "काय रे, खाद्य बिघडलं वाटतं?" "साफ बिघडलं, नाना!" मी इतक्या आनंदाने सांगितलं की ते घाबरून निघून गेले.

आता ताई विरारला चौथ्या मजल्यावर राहते. तिथे कोंबड्या नाहीत, तरी जेवताना माझी नजर खिडकीकडे जाते. "कावळे शोधतोयस ना?" ती म्हणते आणि माझ्या ताटातली तळलेली माशाची तुकडी उचलून, माझ्याकडे बघत, सावकाश खाते.