खिळ्याचा पाय

मातीचा मावळा पहिल्यांदा घोट्यात मोडतो. मग भाला जातो, मग मान, आणि मिशी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही विचारा. कुंभार साच्यातून मावळा काढतो तेव्हा त्याच्या छातीला भरपूर माती देतो आणि पायाला हात आखडतो. असल्या काडीपायांवर स्वराज्य कसं उभं राहिलं असेल, असा मला लहानपणी प्रश्न पडायचा.

संगमनेरला आमचं घर ख्रिस्ती आणि शेजारचं शिंप्याचं. आळीचा किल्ला शिंप्यांच्या अंगणात व्हायचा, कारण आमच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि कोंबड्यांनी एकदा चार बुरुज उकरून टाकले होते. पण किल्ल्याचा कारभारी माझा दादा. माझ्याहून बराच मोठा, लांब हाडाचा आणि तोंडाने वाह्यात. मला तो नावाने कधी हाक मारायचा नाही, 'मेंढरा' म्हणायचा. मी चिडायचे, आणि मी चिडते म्हणून तो अजून म्हणायचा.

दिवाळी सरली की किल्ल्यावरची सगळी चित्रं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसून आमच्या घरी येत. मातीच्या बाहुल्यांना आम्ही चित्रंच म्हणायचो. महिना-दोन महिन्यांनी नाताळ, आणि नाताळात गव्हाणी, म्हणजे गुहेतल्या येशूजन्माचा देखावा. मग दादा डबा उघडून एकेकाला नव्या नोकरीला लावायचा. मावळ्याच्या हातातला भाला काढून वाकवलेली तार दिली की तो मेंढपाळ. वाण्याचा तराजू काढून घेतला की तो योसेफ. तुतारीवाल्याला मेणाने कोंबडीची दोन पिसं चिकटवली की देवदूत, पण मिशी जात नसे, त्यामुळे आमच्याकडे गव्हाणीवर झुपकेदार मिशांचा देवदूत यायचा. गवळणीच्या डोक्यावरची घागर निघत नव्हती. दादाने घागरीवरूनच निळा पदर सोडला आणि आमची मरिया सगळ्यांपेक्षा वीतभर उंच झाली. पैलवान, पोलीस आणि एक भालदार हे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे तीन ज्ञानी. पैलवानाला लंगोटावर काय घालायचं याचा मोठा विचार झाला होता. बाळ म्हणजे सोललेला शेंगदाणा, टरफलाच्या पाळण्यात ठेवलेला. एका वर्षी शिंप्याच्या मुलीने बाळ खाल्लं, म्हणून पुढे दादा मूठभर बाळं राखीव ठेवायचा.

ही शिंप्याची मुलगी माझ्याच वर्गातली, माझी जिवाभावाची मैत्रीण. झगे शिवायच्या चिंध्या तिच्याकडून यायच्या, त्यामुळे गव्हाणीत तिचा शब्द चालायचा. गुहा आहे म्हणजे वाघ पाहिजेच, हे तिचं म्हणणं. किल्ल्याच्या गुहेत वाघ असतो, मग ह्या गुहेत का नको? दादाने थोडा वाद घातला आणि मग बैल आणि गाढव यांच्यामध्ये वाघ बसवला. फादर दरवर्षी गव्हाणी बघायला यायचे आणि वाघाकडे न बघता आशीर्वाद द्यायचे.

दादाचे नियम दोनच. महाराजांना हात लावायचा नाही. ते सिंहासनासकट कापसात गुंडाळून डब्यात दिवाळीची वाट बघणार. आणि जे काही चिकटवायचं ते मेणाने, म्हणजे नाताळ झाला की ज्याचं त्याचं मूळ रूप परत मिळालं पाहिजे. या दुसऱ्या नियमाला अपवाद एकच होता, तो म्हणजे खिळ्या.

खिळ्या हा साधा मावळा. शिंप्यांच्या शेळीने त्याला बुरुजावरून उडवला आणि त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. दादाने तिथे भोक पाडून लाख वितळवून एक खिळा बसवला. खिळा डाव्या पायापेक्षा लांब निघाला. त्यामुळे खिळ्याला सपाटीवर उभं करता येईना, तो पडायचा. त्याला उतार लागायचा, एक पाय वर आणि एक पाय खाली. दिवाळीत तो किल्ल्याच्या दरवाजात आणि नाताळात गव्हाणीच्या तोंडाशी. एवढा वाकडा उभा राहणारा पहारेकरी दुसरा नव्हता, आणि दादाचा सगळ्यांत लाडका तोच होता.

मग दादा पलटणीत गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि त्यात त्याचा उजवा पाय गेला. मांडीपासूनच. त्या नाताळाला आमच्याकडे कुणी डबा उघडला नाही. पुढे कितीतरी महिने तो पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात होता. वडील जाऊन यायचे, आई एकदाच गेली. घरी चल म्हटलं की दादा म्हणायचा, पाय बसवून चालायला लागलो की येईन. बहात्तरचा नोव्हेंबर संपताना त्याचा निरोप आला, की नाताळाला येतो.

आईने लगेच घराचा ताबा घेतला. "त्याला पायाची आठवन हुईल असं घरात काई म्हंजी काई दिसाय नको," तिने जाहीर केलं. एक पाय डुगडुगणारी तिवई शिंप्यांकडे गेली. लंगडणारी कोंबडी मावशीकडे गेली. आळीतल्या पोरांना आमच्या दारासमोर लंगडी खेळायला बंदी झाली. मराठी भाषेला किती पाय आहेत हे मला त्या दिवसांत कळलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. एकदा संध्याकाळी ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणाले, आणि आईने असं पाहिलं की ते चप्पल काढून परत बसले. शाळेतल्या कुणा पोराची लंगडी सबब सांगायला लागले आणि भाकरीचा घास मध्येच गिळून गप्प झाले.

माझं मागणं एवढंच होतं की दादाने आल्यावर मला मेंढरा म्हणावं. तसं म्हटलं म्हणजे दादा घरी आला. तसं नाही म्हटलं तर पुण्याहून दुसराच कुणी आला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दादा यायच्या आत गव्हाणी आम्हीच करायची होती, मी आणि मैत्रिणीने. डबा उघडला आणि आमचे डोळे पांढरे झाले. वर्षभर कुणी बघितलं नव्हतं, दिवाळीत किल्लाही झाला नव्हता, माळ्यावर उंदरांनी डबा पाडला होता, आणि जवळजवळ सगळ्या मावळ्यांचे पाय घोट्यातून, नडगीतून मोडले होते. त्या साली दुष्काळ, नदीची वाळू झालेली. कुंभार खडी फोडायच्या कामावर गेलेला, म्हणजे नवी चित्रं मिळायची बातच नाही. खराट्याच्या हिराच्या काड्या, काडेपेटीच्या काड्या, बाभळीचे काटे, सगळं लावून पाहिलं. आमचे पाय दादाच्या पायांसारखे टिकत नव्हते. एक उभा केला की दोन पडायचे.

आईने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "येका दमात एवढे लंगडे! झाका ते."

तेव्हा मैत्रिणीला युक्ती सुचली. "देवाच्या म्होरं हायेत न्हवं? मग गुडघ्यावर बसवू की! वरून झगा घातला की कुनाला काय दिसतंय?"

मला ती इतकी पटली की मी तिला मिठी मारली. आम्ही मोडके पाय दगडावर घासून सारखे केले, प्रत्येकाला घोळदार झगा घातला आणि ओळीने गुडघ्यावर बसवला. मग धड पायाचे चारच जण उभे राहिले, ते उद्धट दिसायला लागले, म्हणून त्यांनाही चिखलात गुडघ्याएवढे खुपसून झगे घातले. मेंढपाळ, ज्ञानी, योसेफ, पैलवान, सगळे गुडघ्यावर. आई खूश झाली. मग तिची नजर खिळ्यावर गेली. त्याला गुडघ्यावर बसवता येत नव्हतं, झग्याच्या खालून खिळा बाहेर यायचा. तिने त्याला उचललं, पदराआड केलं आणि आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं, पण आईला तेव्हा काही विचारायची सोय नव्हती.

दादा नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने आला. वडील स्टँडवर गेले होते. तो काठी न घेता आळीतून चालत आला, उजवा पाय किंचित बाहेरून फिरवत. आळी दारात उभी होती आणि सगळ्यांची नजर त्याच्या तोंडावर खिळलेली. मानेखाली बघायची कुणाची हिंमत नव्हती. घरात बसल्यावर माणसं आली, दुष्काळाबद्दल बोलली, रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीबद्दल बोलली, आणि गेली. दादा सगळ्यांना "व्हय", "न्हाई" म्हणत होता. मी पाणी दिलं तर "ठेव, बाळ" म्हणाला.

बाळ! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मी बाहेर आले तेव्हा तो उठून गव्हाणीपुढे उभा होता. मैत्रीण त्याच्या शेजारी, ठेकेदारासारखी कमरेवर हात ठेवून. आई चुलीपाशी मिलोच्या पिठाच्या करंज्या तळत होती, पण तिचा झारा थांबला होता. दादाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"सगळीच गुडघ्यावर?" तो म्हणाला.

"देवाच्या म्होरं हायेत," मैत्रीण म्हणाली.

"पैलवान बी?"

"त्यो बी."

"बरं केलंत," दादा म्हणाला. "तेवढी येकच गोष्ट हाय जी मला आता जमत न्हाई. नेमकी तीच अख्ख्या घराला शिकवून ठेवली."

वडील आढ्याकडे बघायला लागले. मला एकदम कळलं की आम्ही काय करून बसलो होतो, आणि जमीन फाटली तर बरं असं वाटलं. तेवढ्यात दादाचा खांदा हलायला लागला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. भिंतीला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

"आरं, निदान वाघ तरी..." त्याला बोलवेना.

"वाघ आधीपास्नंच बसलेला हाय," मैत्रीण फणकाऱ्याने म्हणाली. "त्याला आमी काई केलं न्हाई."

"आन् खिळ्या? माझ्या बाजूचा त्यो येकटाच. कुठंय त्यो?"

"मोडला," आई आतून म्हणाली.

"खिळ्या मोडायचा न्हाई. पाय मी बसवलाय त्याचा."

आई बाहेर आली. तेलकट हात तिने पदराला पुसले आणि कमरेची जपमाळेची पिशवी सोडली. जपमाळेबरोबर खिळ्या बाहेर आला. म्हणजे इतके दिवस रोज संध्याकाळी ती प्रार्थनेला बसायची तेव्हा तो तिच्या हाताशी होता. पिशवीत राहून त्याच्या अंगावरचा रंग घासला गेला होता.

"टाकवला न्हाई रं मला," ती म्हणाली, आणि वर्षभराचं रडणं तिने तिथे उभ्याउभ्या रडून घेतलं. दादाने तिला जवळ घेतलं नाही, आमच्याकडे तसली पद्धत नव्हती. तो तिच्या हातातून खिळ्या घेऊन खाली बसला. बसताना त्याचा पाय फरशीवर ठक्कन वाजला.

"बघू?" मैत्रीण लगेच म्हणाली.

त्याने विजार वर केली. तिने आधी बोटाने टकटक केलं, मग मूठ वळून. "आतून पोकळ हाय," तिने आम्हाला सांगितलं. "गुडघा वाकतो?"

"वाकतो. बसताना ही कळ सोडायची, उठताना लावायची. पन भार दिला की मी पालथा." त्याने खिळ्याला उजेडात धरलं. "पुण्याच्या पाय बसवनाऱ्यांचं काम माझ्यापरीस बरं हाय. मी तुला गुडघा दिलाच न्हाई गड्या."

मग त्याने पक्कड मागितली, सायकलची जुनी तार मागितली, मेण मागितलं. शेजारून डुगडुगणारी तिवई परत आणवली, कारण त्याला खाली बसून काम करायला तीच उंची लागायची. संध्याकाळपर्यंत सगळे झगे निघाले आणि एकेकजण उभा राहिला. कुणाला तारेचा पाय, कुणाला हिराच्या काडीचा, पैलवानाला बाभळीचा काटा. कोणी डावीकडे कललेला, कोणी उजवीकडे. बसलेला फक्त वाघ. खिळ्या गव्हाणीच्या तोंडाशी उतारावर, नेहमीच्या जागी. एवढं होऊनही दादा मला मेंढरा म्हणत नव्हता, नावानेच हाक मारत होता, तार आण म्हणून, मेण आण म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना. आमच्या चर्चमध्ये बाकं नव्हती, सतरंज्यांवर बसायचं. दादा भिंतीच्या कडेला उभा राहिला. घंटा वाजली आणि सगळं देऊळ एकदम गुडघ्यावर आलं. रस्त्यात घंटा ऐकली तरी गुडघे टेकणारी माझी आई त्याच्या शेजारी उभी राहिली, सरळ, हात जोडून. करंज्यांच्या आशेने आलेली मैत्रीणही उभीच होती, कारण कधी बसायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मी अर्धी वाकले होते. त्या दोघींकडे बघून मी परत उभी राहिले.

दादा माझ्या कानाशी वाकला.

"मेंढरा," तो म्हणाला, "खाली बस. मागच्यांना दिसंना झालंय."

मी बसले. आई मात्र उभीच राहिली.