बिनखाड्याचा माणूस

रोज पहाटे फिरणाऱ्या माणसांचे पाय जेवढे चालतात, त्याच्या दुप्पट तोंड चालतं. सात म्हातारे दीड तास गोल गोल फिरणार, म्हणजे बोलणार काय? कुणाचं पोट, कुणाची सून, आणि उरलेला वेळ वसंतभाऊ खर्चे! आमच्या मलकापूरच्या कॉलेज ग्राउंडवर गेल्या चार-पाच वर्षांत वसंतभाऊचे एवढे किस्से साचले, की नवा माणूस ग्रुपात आला की पहिला आठवडा तेच ऐकवायचो. मीच जास्त ऐकवायचो. एसटीत कंट्रोलर होतो, माईकवर बोलायची सवय जात नाही.

हल्ली सांगायला बसलो की अर्ध्यावर थांबतो. तरी सांगतो.

*

वसंतभाऊचं हार्डवेअरचं दुकान होतं. छातीत दुखलं, स्टेंट टाकला, दुकान विकून टाकलं. दोन्ही मुलं पुण्याला. घरी तो आणि कुसुमवहिनी. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाळीस मिनिटं चाला. हा आमच्यात आला तेव्हा ग्राउंडची एक फेरी मारली की बाकावर बसायचा आणि नाडी बघायचा. त्याला हात धरून मीच फिरवलाय.

आमच्या ग्रुपचा एकच कायदा. खाडा करायचा नाही. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कचोरी आणि चहा! कायदा काढला तो कचोरीसाठी, हे उघड आहे. महिन्यातून पाच-सहा वेळा कुणी ना कुणी दांडी मारायचा आणि आमची चंगळ व्हायची. फिरून जेवढं कमी व्हायचं तेवढं कचोरीनं भरून निघायचं.

वसंतभाऊनं मात्र कायदा मनावर घेतला. मुलानं पावलं मोजणारा मोबाईल दिला. सहा हजारांचे दहा हजार झाले, दहाचे पंधरा. वर्षभर त्याच्याकडून एक कचोरी मिळाली नाही! आमचे इंगळे पोस्टमास्तर, रिटायर झाले तरी बोलणं अजून टपाल तिकिटाएवढंच, एकदा म्हणाले, "वसंता, तू कधी आजारी पडशील बे? कचोरीचा वास इसरून गेलो."

वसंतभाऊ म्हणाला, "मेलो तरी येईन!"

आम्ही हसलो. काय हसलो होतो!

*

एका उन्हाळ्यात अकोल्याला इंगळेंच्या भाचीचं साक्षगंध होतं. गाडी सकाळची, म्हणजे त्या दिवशी फिरणं नाही. जायचंच असल्यानं आम्ही सगळ्यांना खाडा माफ केला. स्लीपरमध्ये जागा मिळाल्या, डबे उघडले, आणि पाहतो तर वसंतभाऊ गायब!

थोड्या वेळानं डब्याच्या एका टोकाकडून आला, आमच्या समोरून गेला, दुसऱ्या टोकाला पोचला, वळला. झपझप, हात हलवत. बायाबापड्यांचे पाय, चहावाले, पोतड्या, सगळं ओलांडत. नांदुरा गेलं, शेगाव गेलं, याचं चालूच. शेवटी टीसीनं हटकलं.

"काका, तुमची सीट कुठली?"

"तेहतीस नंबर."

"मग बसत का नाही?"

"बसाले काढलं का मी तिकीट?"

टीसी आमच्याकडे बघायला लागला. इंगळे पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, जाऊ द्या त्याले. तिकीट काढून पायी अकोल्याले जाणारा पयला माणूस हाय थो!"

अख्खा डबा हसला. उतरताना वसंतभाऊचे ओठ निळसर दिसत होते. मी पाहिलं होतं. बोललो नाही, कारण सगळे हसत होते.

*

त्याच उन्हाळ्यात त्याचा साडू वारला. नांदुऱ्याला तेरवी. वहिनींची धाकटी बहीण विधवा झाली, पन्नाशीही झाली नव्हती बिचारीची. आम्ही दोघं-तिघं गेलो होतो.

मंडपात पंगती बसलेल्या, आणि वसंतभाऊ ओळींच्या मधून फेऱ्या मारतोय. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कुणीतरी हाक मारली, "ओ दाजी, वरण येऊ द्या इकडं!"

यानं काय करावं? वरणाची बादली उचलली! तीन पंगती वाढल्या पठ्ठ्यानं. कपाळावर घाम, सदरा ओला. सगळं गाव म्हणालं, साडू असावा तर असा. मेव्हणीनं तर डोळे पुसत हात जोडले, "दाजी, घरच्या माणसानं बी इतकं नसतं केलं."

परत आल्यावर वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "मायी बहीण रडून राह्यली होती, आन् हे हरेक पंगत उठली का मोबाईल पाहून राह्यले होते."

हा किस्सा मी ग्राउंडवर पन्नास वेळा सांगितला असेल. बादलीपर्यंतच सांगायचो.

*

मग गुडघा गेला. जायचाच होता. डाव्या गुडघ्यावर फुगा आल्यासारखी सूज. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस पाय खाली ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हा पट्टा बांधून ग्राउंडवर हजर!

"काऊन आला बे?" मी ओरडलो. "आराम सांगितला ना तुले!"

"डाव्या पायाले सांगतला. उजव्यानं काय पाप केलं?"

एका पायावर दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीला बसला. उठेना. इंगळेंनी आणि मी उचलून रिक्षात घातला. दुपारी मी घरी गेलो तर पलंगावर पाय उशीवर ठेवून पडलेला. वहिनी स्वयंपाकघरात गेल्याचं पाहून त्यानं उशीखालून मोबाईल काढला.

"देवराव, एक काम कर. उद्यापासून हा खिशात ठेवून फिर. खाडा नको व्हायला."

कुणी शहाण्या माणसानं तो मोबाईल परत उशीखाली सारला असता. मी खिशात घातला! ग्रुपात सांगितलं, वसंता घरातल्या घरात पावलं पुरी करतोय, आणि मोबाईलचे आकडे बघून सगळ्यांनी ते मानलं. चौदा दिवस मी दोन मोबाईल घेऊन फिरलो. एका खिशात माझी पावलं, दुसऱ्यात मित्राची. मला ती दोस्ती वाटत होती. पंधराव्या दिवशी मोबाईल परत द्यायला गेलो. वाटलं, पाठीवर थाप मारेल, चहा तरी पाजेल.

त्यानं आकडे पाहिले आणि चेहरा पाडला. "किती हळू चालतं बे तू!"

*

पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण किस्सा तर तोही आमच्याच ग्रुपचा.

दिवाळी झाली होती. एका संध्याकाळी कुसुमवहिनी एकट्या माझ्या घरी आल्या. कधी येत नाहीत. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सांगा त्याईले. तुमचं आयकतेत."

"काय झालं वैनी?"

"मले सकाळी उठलं का चक्कर येते. बीपीच्या गोळ्या वाढवल्या. हे पाच वाजता जातेत थे सात वाजता येतेत. दोन घंटे घरात मी एकटी. एखाद्या दिशी पडली गिडली तर कोणाले समजन? मी सांगतलं तर म्हंतेत, खाडा होते. अर्धा घंटा फिरा ना, कोण नाई म्हंते? तेवढं सांगा."

मी म्हटलं, "उद्याच सांगतो." शब्द दिला.

आता उद्या काय होतं? उद्या वसंतभाऊचे बिनखाड्याचे एक हजार दिवस पूर्ण होत होते, आणि ग्रुपनं त्याचा सत्कार ठेवला होता! शाल आणली होती, नारळ आणला होता, बाकावर सतरंजी अंथरली होती. भाषण माझ्याकडे. माईक नव्हता, तरी मी कंट्रोलरच्या आवाजात बोललो. त्या हजारात माझ्या खिशातले चौदा दिवस होते, ते मला आणि त्यालाच ठाऊक. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आणि भाषणात मी काय म्हणावं? "वसंतभाऊंच्या या यशामागं वहिनींची साथ आहे!" टाळ्या पडल्या. माणसाच्या जिभेला हाड नसतं, पण थोडी लाज तरी असावी.

शाल अंगावर घेऊन तो घरी गेला. वहिनींनी विचारलंच असेल, कोणी दिली. नंतर त्या भेटल्या तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "चहा घेता का, भाऊजी?"

मी पुन्हा सांगायला गेलोच नाही. आज सांगू, उद्या सांगू. फिरण्याचा खाडा करत नव्हतो, सांगण्याचा मात्र रोज केला.

*

जानेवारीतली गोष्ट. कडक थंडी. ग्राउंडवरून घरी पोचेपर्यंत वसंतभाऊची पंधरा हजार पावलं कधीच पूर्ण होत नसत. कमी पडतील तेवढी तो आपल्याच दारासमोरच्या गल्लीत मारायचा. सिमेंटचा रस्ता, या विजेच्या खांबापासून त्या खांबापर्यंत. शेजाऱ्यांना सवय झाली होती.

त्या दिवशी वहिनी न्हाणीघराच्या दारात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी आणि इंगळे पोस्टमास्तर भेटायला गेलो.

वसंतभाऊ पलंगाजवळच्या स्टुलावर बसलेला. दाढी वाढलेली. आम्हाला पाहून उठला नाही. स्वतःहूनच बोलला, "मी गल्लीतच होतो रे. तिनं आवाज देला. मले वाटलं, चहा झाला म्हणून बलावून राह्यली. मी भायेरूनच म्हटलं, आलो, चारशे राह्यले."

इंगळेंनी आणलेली फळांची पिशवी पलंगाखाली सारली.

"डॉक्टर म्हंते, चार मिनिटांनं काई फरक पडला नसता. हाड पडल्यापडल्याच मोडलं." तो दोन्ही तळव्यांकडे बघत होता. "डॉक्टरले काय जाते म्हनाले!"

नर्सनं औषधांची चिठ्ठी दिली. तो खाली मेडिकलला गेला. लिफ्टनं गेला.

इंगळे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वहिनींच्या तोंडाकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "वैनी, अजून एकदा जोरात हाक मारायची ना!"

"दोन डाव मारली. मंग नाई मारली."

"का?"

"चारशे म्हने ना. म्हटलं, होऊ दे. पडल्या पडल्या बुटाचा आवाज येत होता. म्याबी मोजले."

त्यांनी दाराकडे पाहिलं. लिफ्ट अजून वर आली नव्हती. मला जवळ ये अशी खूण केली. मी वाकलो.

"तीनशे ऐंशीच झाले होते, भाऊजी. वीस कमी टाकून आत आले. त्याईले नोका सांगू."