पावणेतीनची भट्टी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. चूक असेल तर ती कोडमध्येच सापडते, एवढीच माझी श्रद्धा. तरीही हे लिहितोय...

२००५ च्या आसपासची गोष्ट. शिवाजी पेठेतून मी रोज मोटारसायकलनं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचो. तिथल्या एका फाउंड्रीत, लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीसाठी मी प्रोग्रॅम बसवला होता. व्होल्टेज पडलं, भंगार वेगळं आलं, की पॉवर किती ठेवायची हे तो आधीच्या अनुभवावरून स्वतः ठरवायचा. प्रत्येक बदलाची वेळ आणि कारण नोंदवायचा.

दुसऱ्या महिन्यात तो रोज दुपारी पावणेतीनला पॉवर एकदम खाली आणू लागला. दहा मिनिटं — मग पुन्हा पूर्ववत. नोंदीत कारणाची जागा रिकामी. कारणाशिवाय बदल करताच येणार नाही, अशी सोय मीच केली होती. कोड तीनदा तपासला. शिकलेलं सगळं पुसून प्रोग्रॅम नव्यानं टाकला. चौथ्या दिवशी, पावणेतीनला, पुन्हा तेच.

भट्टीवरचे शामराव मामा तेवढ्यात आपली माणसं घेऊन चहाला जायचे. मला म्हणाले, “साहेब, त्याला कायतरी कळतंय. ऱ्हाऊ द्या की तसंच.”

पण माल कमी निघतोय म्हणून मालक माझ्यावर वैतागले होते. शेवटी एका सोमवारी सकाळी मी प्रोग्रॅमचा स्वतः ठरवण्याचा भाग बंद केला आणि पॉवर एका आकड्यावर बांधून टाकली. मामांना बोललो नाही.

पावणेतीन वाजले. पॉवर उतरेना, म्हणून मामांनी माणसांना चहाला पाठवलं आणि स्वतः भट्टीपाशी थांबले. मी पलीकडे पॅनलसमोर होतो. भट्टीचं आतलं अस्तर फुटलं, लोखंडाचा रस बाजूनं बाहेर आला... मामांचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

अस्तर झिजलं होतं, असं तपासणीत निघालं. पण ती झीज मोजणारं काहीच त्या भट्टीला नव्हतं. प्रोग्रॅमला ते कळायला वाटच नव्हती... आणि नेमकी वेळ? नंतर नोंदी काढल्या. बंद केलेल्या भागाचं भट्टी ऐकत नव्हती, पण त्याच्या नोंदी चालूच होत्या; त्यानं त्या दिवशीही पावणेतीनला पॉवर कमी करायची मागणी केली होती.

दवाखान्यात मामांनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाले, “रोज उतरायची की वो पॉवर. त्याच दिवशी का न्हाय उतरली?”

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आलो.

मामा आता नाहीत. प्रोग्रॅमनं ते कशावरून ओळखलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मामांच्या प्रश्नाचं मात्र माझ्याकडे होतं — ते मी दिलं नाही.