तिबुर्सियोनं गाळलेलं ‘कदाचित’

आम्हा बेटांवरच्या गुना लोकांत लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो. सगळेच घरजावई, त्यामुळे त्यावरून कुणाला हिणवायची सोय नाही. जावयाला बोलायचंच असेल तर दुसरं काहीतरी शोधावं लागतं. तिबुर्सियो आमच्या घरी आला तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. त्याला मासेच धरता येत नव्हते. गळ टाकून होडीत बसला की तो बोलायला लागायचा, आणि मासे बिचारे ऐकून कंटाळून निघून जायचे. माझा नवरा म्हणायचा, “ओलिंदानं नवरा आणलाय की रेडिओ?”

ओलिंदा माझी मुलगी. ती म्हणायची, “रेडिओ बंद तरी करता येतो, बाबा.”

पण बोलणं हीच त्याची विद्या निघाली. आमच्या बेटावर गावाचं जे काही ठरतं ते सभाघरात ठरतं. मधोमध दोन खांबांना झोळी बांधलेली असते, तिच्यात आडवा होऊन आमचा साइला, म्हणजे गावाचा प्रमुख, गाऊन सांगतो. ती भाषा जुनी, वळणावळणाची. फुलाचं नाव घेतो आणि मनात मुलगी असते, वादळाचं नाव घेतो आणि मनात शेजारणींचं भांडण. गाणं संपलं की काठी हातात घेऊन अर्गार उभा राहतो आणि सगळ्यांना समजेल अशा शब्दांत अर्थ सांगतो. कुणी पेंगत असेल तर राखणदार मागून ओरडतो, “जागे राहा, ऐका.” एवढं सगळं झाल्यावर कुणी म्हणायचं नाही की मला कळलं नाही.

तिबुर्सियो अर्गार झाला. त्यासाठी कित्येक वर्षं तो एका म्हाताऱ्या साइलाकडे शिकायला जायचा. गुरूला मासे न्यायचे ते शेजाऱ्याकडून लाकडाच्या बदल्यात घेऊन. गुरूनं त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती. ऐकणारा घरी जाताना मनात शंका घेऊन गेला, तर तू अर्थ सांगितलाच नाहीस. तिबुर्सियोनं ते असं धरलं की काय सांगावं. तो अर्थ सांगायला लागला की वाटायचं, नारळ फोडून खोबरं हातात ठेवलंय. मला आतून अभिमान वाटायचा. बाहेरून मी म्हणायचे, “घरात पण एखादं काम असं फोडून दे की.”

ओलिंदाची मुलगी यारिता लहान होती त्या वर्षी राजधानीहून समुद्र मोजणारी एक बाई आली. डॉक्टर हुरादो. मला आधी वाटलं दुखण्याची डॉक्टर, म्हणून मी माझा गुडघा पुढे केला. तिनं तोही बघितला, बरी बाई होती. धक्क्याच्या खांबाला तिनं रेघा मारलेली पट्टी ठोकली आणि मग सभाघरात बोलली. ती स्पॅनिशमध्ये बोलत होती आणि आम्हा म्हाताऱ्यांसाठी तिबुर्सियो गुनात सांगत होता.

ती पुष्कळ बोलली. आम्ही बायका मधल्या बाकांवर बसून मोला, म्हणजे पोलक्यावर लावायचे रंगीत कापडी तुकडे, शिवत होतो, तेवढ्यात माझी एक पूर्ण कड शिवून झाली. मग तिबुर्सियो उठला, काठी टेकवली आणि म्हणाला, “समुद्र वर येतोय. दहा पावसाळे. मग पाणी आपल्या चुलीत.”

एवढंच. राखणदाराला ओरडावं लागलं नाही, सगळे टक्क जागे होते.

स्पॅनिश येणारी पोरंही सभेत होती, पण सभाघरात अर्गारचं बोलणं कुणी दुरुस्त करत नाही. घरी आल्यावर ओलिंदानं केळी सोलता सोलता विचारलं, “ती ‘कदाचित’ म्हणाली होती ना? कदाचित दहा वर्षं, कदाचित चाळीस. जगात धूर किती होतो, बर्फ किती वितळतो, त्यावर आहे म्हणाली.”

“म्हणाली.”

“मग तू का नाही म्हणालास?”

“कदाचित हा काय अर्थ झाला?” तिबुर्सियो म्हणाला. “बाईला मोजता येतं, सांगता येत नाही. ते माझं काम.”

गाव घाबरलं आणि कामाला लागलं. समोरच्या मोठ्या जमिनीवर टेकडीपाशी आमच्या गावाचं रान आहे. तिथं सगळ्यांनी मिळून झाडी तोडली, घरांसाठी खांब कापून रचून ठेवले. डास इतके की माणसं स्वतःच्याच थोबाडीत मारत काम करत होती. चला, पोरांसाठी करतोय, असं म्हणून सगळ्यांनी सोसलं.

दहा पावसाळे गेले. पाणी चुलीत आलं नाही. उत्तरेचा वारा सुटतो त्या महिन्यांत ते गल्ल्यांत यायचं, घोट्याला लागायचं, परत जायचं. थोडं थोडं जास्त येत होतं, पण चूल काही विझली नाही. टेकडीवरच्या खांबांना वाळवी लागली, रान पुन्हा माजलं.

मग काय, गावाला करमणूक मिळाली. फिदेन्सियो म्हणून एकजण आहे. समुद्रात बुडी मारून प्रवाळाचे दगड आणायचे, बेटाच्या कडेला रचायचे, वर भर घालायची आणि घराला जागा करायची, हे त्याचं काम. अर्धं बेट त्याच्या बापानं आणि त्यानं वाढवलंय. तो रोज विचारायचा, “काय अर्गार, चूल विझली का?” तिबुर्सियो म्हणाला की उद्या नारळाचं गलबत येतंय, तर पोरंसुद्धा म्हणायची, “म्हणजे दहा पावसाळ्यांनी.” तो हसून सोडून द्यायचा. पण सभेत अर्थ सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता. साइला चांगलं गायचा आणि लोक जांभया द्यायचे.

यारिता मोठी झाली, तिचं लग्न झालं, नवरा आमच्याकडे आला. आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून फिदेन्सियोनं कडेला भर घालून दिली आणि तिनं तिथं घर केलं. पुढच्या वाऱ्याच्या महिन्यांत तिला बाळ झालं. बाळ आठवड्याचं असेल नसेल, एका सकाळी घरात पाणी शिरलं. यारिता बाळाला घेऊन झोळीत पाय वर करून बसली होती आणि खालून तिच्या चपला तरंगत दाराबाहेर चालल्या होत्या. शाळेतही पाणी होतं. चूल मात्र उंचावर होती, ती पेटलेली राहिली. फिदेन्सियोनं तेवढंच बघितलं.

साइलानं सभा बोलावली. कोरड्या दिवसांत अख्खं गाव मिळून एक मोठं काम करू शकतं, दोन नाही, तेवढे हातच नाहीत. फिदेन्सियोचं म्हणणं, बाहेरच्या खडकावरचं प्रवाळ काढून बेटाभोवती उंच भिंत घालू. दुसऱ्यांचं म्हणणं, टेकडीकडे जाऊ. डॉक्टर हुरादोला परत बोलावलं होतं. केस पांढरे झाले होते तिचे. माझ्या गुडघ्याची चौकशी तिनं आधी केली.

सभेच्या दिवशी दुपारी तिबुर्सियोनं जेवणाला हात लावला नाही. नारळाच्या रश्शातला मासा तसाच राहिला, आणि तो या घरात कधी राहत नाही.

“ती परत तेच सांगणार,” तो मला म्हणाला. “नक्की माहीत नाही. मू, ते मी सांगितलं तर लोक भिंत घालतील. बाहेरचा खडक फोडतील, आणि लाट अडवतो तोच. यारिता बाळाला घेऊन त्या भरावावरच राहील.”

गावात मला सगळे मूच म्हणतात, आजी.

“मग काय सांगणार आहेस?”

“पाच पावसाळे म्हणू? घाबरून तरी टेकडीवर जातील.”

ओलिंदा चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही. “म्हण की. सहाव्या पावसाळ्यात मी तुझ्याबरोबर राहणार नाही, एवढंही सांग. ते मात्र नक्की आहे.”

तिबुर्सियो उठला. काठी उचलून निघून गेला.

सभाघर भरलं होतं. डॉक्टरबाई बोलली. तिच्या पट्टीवरच्या रेघा सांगितल्या. मग फिदेन्सियोनं थेट विचारलं, “बाई, एक आकडा सांग. किती वर्षं?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. एवढं स्पॅनिश आता आम्हालाही कळत होतं. मागची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, “एवढ्या लांबून हे सांगायला आली?”

सगळ्यांची तोंडं तिबुर्सियोकडे वळली. तो उठला. काठी टेकवली आणि बराच वेळ उभाच राहिला. राखणदाराला काय वाटलं कुणास ठाऊक, तो सवयीनं ओरडला, “जागे राहा, ऐका.” डॉक्टरबाई दचकली.

“अर्थ असा आहे,” तिबुर्सियो म्हणाला, “की तिला माहीत नाही. आणि मागच्या वेळीही तिला माहीत नव्हतं. ती कदाचित म्हणाली होती. कदाचित दहा, कदाचित चाळीस. ते कदाचित मी गाळलं. मला वाटलं, अर्धवट बोलणं अर्गारला शोभत नाही. खोटी ती नाही पडली, मी पडलो.”

मग तो वाकला आणि काठी साइलाच्या झोळीखाली ठेवली.

कुणी हसलं नाही. फिदेन्सियोच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं. साइला झोळीत जरा वळला. “काठी मला कशाला देतोस? मला आधीच उठता येत नाही. उचल आणि पुरतं सांग. तिला काय माहीत नाही ते झालं. माहीत काय आहे?”

तिबुर्सियोनं काठी उचलली. डॉक्टरबाईला एकेक विचारत गेला आणि एकेक सांगत गेला. पाणी चढतंय, हे नक्की. खाली जाणार नाही, हेही नक्की. लवकर की उशिरा, ते कदाचित. बाहेरचं प्रवाळ काढलं तर लाट जोरात येईल, हे नक्की. भिंत किती टिकेल, कदाचित. इतक्या वेळा तो कदाचित म्हणाला की त्याच्या तोंडाला तो शब्द टोचत असणार. पण आवाज जुना, पहिल्यासारखा मोठा होता.

“हे असलं घेऊन आम्ही ठरवायचं काय?” फिदेन्सियो म्हणाला. “आधी शहाण्यांनी ठरवावं, मग आम्ही.”

तेव्हा बायकांच्या बाकावरून ओलिंदा बोलली. हातातली सुई तशीच होती. “नक्की ठाऊक असतं तर सभा कशाला हवी होती? पाऊस पडणार हे नक्की असलं की आपण सभा नाही घेत, छप्पर घालतो.”

“बरं, टेकडीवर गेलो आणि पाणी आलंच नाही तर?”

“तर केळी खा,” माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली. “तिकडे केळी चांगली येतात.”

“आणि गेलो नाही, आणि पाणी आलं तर?” हे तिबुर्सियोनं विचारलं. तेही फिदेन्सियोला नाही, असंच, हवेत.

 फिदेन्सियो वाईट माणूस नाही. त्याची हयात त्या दगडांत गेली आहे. तो म्हणाला, “घरं आत्ता नको. घरं बांधून मोकळी ठेवली की वाळवी खाते, बघितलंय आपण. आधी झाडं लावा. झाड वाट बघत असताना वाढतं तरी.”

तिथून सभेला वाट मिळाली. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी भांडत भांडत ठरलं ते असं. बाहेरच्या खडकाला हात लावायचा नाही, कारण पाणी लवकर येवो की उशिरा, तो खडक हवाच. हे कोरडे दिवस टेकडीसाठी द्यायचे. नारळ, केळी, आंबा आणि छपरासाठी लागणारे ताड लावायचे, आणि पाण्याची सोय बघायची. घरं नाहीत. मात्र सभाघराच्या खांबावर खूण करायची. लागोपाठ दोन वर्षं पाणी खुणेला लागलं की शाळा हलवायची, मग कडेच्या भरावावरची घरं. आणि दर वर्षी वारा पडला की डॉक्टरबाईच्या रेघा वाचून हे सगळं पुन्हा बोलायचं, चुकलं असेल तर बदलायचं. खूण कुठं करायची यावर सगळ्यात मोठं भांडण झालं. शेवटी साइलानं विचारलं, पाणी कुठवर आलं की यारिताला बाळ उचलावं लागतं? यारितानं उठून खांबाला हात लावून दाखवलं. खूण तिथंच झाली. डॉक्टरबाईनं ते लिहून घेतलं आणि म्हणाली की राजधानीतल्या कचेरीत असं ठरवायला फार वर्षं लागतात. साइला म्हणाला, “तिथं राखणदार नसेल.”

याला आता काही काळ झाला. पहिल्या वर्षी पाणी खुणेला लागलं, दुसऱ्या वर्षी चार बोटं खाली राहिलं. मोजणी नव्यानं धरायची की नाही यावर सभेत दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. यारिता म्हणाली, मला थांबायचं नाही. तिचं घर आधी न्यायचं ठरलं. नियमात ते नव्हतं, पण नियम बदलायचा असंही नियमातच होतं. ज्या दिवशी छप्पर घातलं त्या दिवशी सगळं गाव होड्यांतून तिकडे गेलं, तिबुर्सियो तर बोलत बोलत गेला. होडीत मासे नव्हते, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही.

टेकडीवरच्या केळीचे घड आम्ही खातो आहोत. डास आहेत. फिदेन्सियो सुरुवातीला म्हणायचा, मी फक्त झाडांना बघायला येतो. मग त्यानं चार खांब रोवले, म्हणे उन्हाला टेकायला. मग वर छप्पर आलं, म्हणे पावसाला. मागच्या आठवड्यात मी यारिताकडे गेले होते, तर त्याची बायको तिथं कोंबड्यांना दाणे घालत होती.

“काय ग, तुम्ही राहायला आलात?” मी विचारलं.

तिनं टेकडीखाली, नव्या धक्क्यासाठी भराव मोजत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. “कदाचित,” ती म्हणाली, आणि कोंबड्यांना हाकलून नव्या घराच्या आत घेतलं.